राजौरीच्या रस्त्यावरील चार दिवस

जम्मू प्रांतातील नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता डोंगरांच्या अंगाअंगाने वळणे घेत जातो. आणि काश्मीरच्या युद्धात, १९४८ च्या एप्रिल महिन्यात, त्याची अवस्था अशी होती की, शत्रूने जागोजागी चिडाचे प्रचंड वृक्ष आडवे पाडून, मोऱ्या उडवून, कडेचे बांध ढासळवून आणि मातीखाली सुरुंग पेरून, रस्ता म्हणण्याजोगे त्यात फारसे काही शिल्लक ठेवले नव्हते. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात राजौरी शहर हल्लेखोरांच्या हाती पडले होते आणि तेथे अडकलेल्या निरपराध रहिवाशांची दैना चालली होती. डिसेंबरात गमावलेले झांगरचे ठाणे १८ मार्चला आपल्या फौजेने परत घेतले आणि मग राजौरीवर चालून जाण्याचा बेत ठरला. पायदळाला डोंगर चढून जाता येते, पण रणगाड्यांना वाट लागते. आणि रणगाड्यांच्या पाठबळावाचून ही मोहीम वेळेत तडीस जाण्याची आशा नव्हती. अशा रीतीने एका संपूर्ण ब्रिगेडची चाल अखेर ज्या मूठभर माणसांच्या हातांच्या गतीवर येऊन ठेपली, त्यांचा नायक होता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

राणे मूळचे कारवारनजीकच्या चेंडिया गावचे. २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत होता. वडील पोलीस खात्यात शिपाई असल्यामुळे मुलाचे शिक्षण बदल्यांच्या मागोमाग निरनिराळ्या गावी झाले. १० जुलै १९४० रोजी हा तरुण फौजेत दाखल झाला तो खडकीस ठाणे असलेल्या ‘बॉम्बे सॅपर्स’ या सैनिकी अभियंत्यांच्या दलात, आणि रिक्रुटांच्या तुकडीत सर्वोत्कृष्ट ठरून त्याने कमांडंटची छडी मिळविली. सॅपरचे काम सामान्य वाचकास फारसे परिचित नसते. पूल बांधणे, रस्ते करणे, पाण्याची सोय पाहणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, ही सारी कामे त्याची. आणि म्हणूनच चढाईच्या प्रसंगी त्याला सर्वांच्या पुढे जावे लागते व माघारीच्या प्रसंगी सर्वांच्या मागे राहावे लागते. राणे यांनी माघारीचा प्रसंग ब्रह्मदेशात भोगला होता. आराकानातील बुथिडाँग सोडून त्यांची डिव्हिजन मागे हटली, तेव्हा मोक्याची ठिकाणे उद्ध्वस्त करण्यासाठी दोन तुकड्यांनिशी त्यांना मागे ठेवण्यात आले. काम उरकल्यावर आरमाराच्या जहाजाने त्यांची सुटका व्हावयाची होती. ती योजना फसली, आणि जपानी गस्त असलेली नदी त्यांना आपल्या माणसांसह स्वतःच्याच हिकमतीवर पार करून डिव्हिजनला जाऊन मिळावे लागले. हवालदारीपर्यंत अशी पायरी पायरीने चढती झाल्यावर १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना अधिकारपदाची सनद मिळाली. म्हणजे नौशेराच्या रस्त्यावर उभे असताना त्यांची सनद पुरती चार महिन्यांचीही नव्हती, पण शिपाईगिरी मात्र आठ वर्षांची होत आली होती. पुढील चार दिवसांचा वृत्तान्त वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण जे काम त्यांनी आपल्या माणसांना सांगितले, ते वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी केलेले होते.

ते काम कसे असते हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग मातीच्या पातळ थराखाली निजलेला असतो आणि वरून भार पडला की फुटतो. त्याच्या वरच्या बाजूस धक्का लागू नये म्हणून सॅपर पालथा पडून, संगीन किंवा टोकदार सळई जमिनीत तिरपी, अगदी हलक्या हाताने खुपसत जातो. टोक काहीतरी टणक वस्तूच्या कडेला लागल्याची चाहूल बोटांना आली की तो थांबतो, आजूबाजूची माती बोटांनी उकरतो, खाली दुसरा एखादा सापळा जोडलेला नाही ना, उचलताक्षणी फुटावे अशी काही करणी केलेली नाही ना, हे चाचपून पाहतो, आणि मग त्याचा चाप निकामी करून तो बाजूला काढतो. एवढे झाल्यावर हातभर पुढे सरकावयाचे आणि पुन्हा तेच. या कामात उतावीळ होऊन चालत नाही आणि रेंगाळूनही चालत नाही. शत्रूच्या मशीनगनची टप्प्यातली नजर आपल्यावर रोखलेली असताना ते करावयाचे, तर डोके आणि बोटे यांना वेगवेगळे हुकूम देता आले पाहिजेत.

८ एप्रिलला चौथी डोग्रा पलटण बरवालीच्या डोंगरधारेवर चालून गेली. सकाळी ११ च्या सुमारास नादपूर दक्षिण येथे राणे आपल्या माणसांसह रणगाड्यांजवळ, सुरुंग काढण्याचा इशारा मिळण्याची वाट पाहत असता, शत्रूने उखळी तोफांचा जबर मारा सुरू केला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतील दोघे जागच्या जागी ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. अशा क्षणी जखमी अधिकाऱ्याने मागे जाण्याची परवानगी मागितली असती तर त्यास कोणी दूषण दिले नसते. राणे यांनी उरलेली माणसे एकत्र करून तुकडीची नव्याने मांडणी केली आणि कामास आरंभ केला. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार आपल्या हाती आली. तरी शत्रू त्या टापूतून पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही त्यांनी आपली तुकडी पुढे नेली आणि रणगाड्यांसाठी बाजूने वळणरस्ता काढण्यास घेतला. शत्रूच्या डोळ्यांदेखत, मशीनगनच्या गोळ्यांत, हे काम रात्री १० वाजेपर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, पहाटे ६ वाजता पुन्हा सुरुवात झाली आणि दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार झाला. रणगाड्यांची रांग हलली, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत चढून बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाच्या झाडांचा अडसर आला. ते खाली उतरले, त्यांनी स्फोटके लावून झाडे उडविली. तीनशे यार्डांवर पुन्हा तोच अडथळा, पुन्हा तीच कृती. पाचच्या सुमारास, जेथे रस्ता डोंगराला वळसा घालतो तेथे, उडवून दिलेली मोरी आडवी आली आणि काम सुरू होण्यापूर्वीच मशीनगन कडाडू लागल्या. राणे यांनी तेथेही बगलेने वाट काढली. सव्वासहाला, प्रकाश मावळत असता, पाच मोठे चीड वृक्ष, त्यांच्याभोवती सुरुंग आणि त्या सर्वांवर मशीनगनचा पहारा असा सर्वांत बिकट अडथळा समोर ठाकला. राणे सुरुंग काढू लागलेच होते. पण रणगाडादलाच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रात्रीपुरता तळ देण्याचा हुकूम केला.

१० एप्रिलच्या पहाटे पावणेपाचला, उजाडण्यापूर्वी, राणे पुन्हा त्या पाच झाडांपाशी होते. मदतीला रणगाड्यांची एक लहान तुकडी होती, आणि गोळीबार चालूच होता. साडेसहापर्यंत अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे आडव्या झाडांची आणि ढासळलेल्या बांधांची एक सलग मालिकाच होती. तीही साडेदहापर्यंत मोकळी झाली. येथून रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला, मोगलांच्या काश्मीरवाटेवरील त्या जुन्या सराईच्या ठिकाणी, पोहोचले. राणे यांचे काम येथे संपले असे कोणीही मानले असते. पण रणगाड्यांमागून यावयाची होती ती रसद. दारूगोळा, अन्न आणि औषधे घेऊन येणाऱ्या गाड्यांना नदीच्या पात्रातून जाता येणार नव्हते. म्हणून राणे मागे रस्त्यावरच राहिले आणि अन्नाचा घास वा क्षणाची विश्रांती न घेता रात्री ९ पर्यंत खपत राहिले. ११ तारखेस सकाळी ६ पासून ११ पर्यंत त्यांनी चिंगसपर्यंतचा रस्ता पुरा खुला केला, आणि त्यापुढचा रस्ता साफ करण्यात रात्रीचे १० वाजले. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली. शहर उद्ध्वस्त झाले होते आणि कित्येकांच्या दृष्टीने तो दिवसही उशिराचाच ठरला होता. पण जे जिवंत सापडले, त्यांच्या वाटेवरचा प्रत्येक तास कोणी वाचविला याविषयी संशयाला जागा नाही.

या पराक्रमासाठी राणे यांना परमवीरचक्र मिळाले. हयातीत हा सन्मान लाभलेले ते पहिले वीर होत. त्यांचे सन्मानपत्र वाचताना माझ्या मनावर सर्वाधिक परिणाम करते ते हे की, त्यात शत्रूच्या एकाही माणसाला मारल्याचा उल्लेख नाही. तास आहेत, यार्ड आहेत, झाडे, मोऱ्या आणि सुरुंग आहेत. एखाद्या ओव्हरसियरच्या रोजनिशीत शोभावी अशी ती नोंद देशातील सर्वोच्च युद्धसन्मानाचा आधार होते, यात मला या सन्मानाची थोरवी दिसते. संतापाच्या एका लाटेत प्राण झोकून देणे हे असामान्य आहेच. परंतु अंगावर जखम वागवीत, चार दिवस, दररोज पहाटे उठून त्याच मृत्यूसमोर पुन्हा स्वेच्छेने पालथे पडणे, हे माझ्या मते त्याहूनही दुर्घट आहे, कारण प्रत्येक पहाटे मनुष्याला विचार करावयास सवड मिळते आणि प्रत्येक पहाटे तोच निर्णय नव्याने घ्यावा लागतो.

परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले, म्हणूनच काश्मीरच्या युद्धातील वीरांना ते देता आले. त्या पदकाची रचना मराठी घरात नांदावयास आलेल्या एका स्त्रीने केली, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल, पण ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह यव्हॉन माडे द मारोस यांनी १९३२ मध्ये सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह केला, सावित्रीबाई हे नाव धारण केले, आणि मराठी व संस्कृत आत्मसात करून पुराणांचा व संतचरित्रांचा असा व्यासंग केला की, नव्या राष्ट्राच्या शौर्यपदकांची आखणी करण्याची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर सोपविली. कांस्य धातूच्या त्या साध्या, वर्तुळाकार पदकावर मध्यभागी राजमुद्रा आहे आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे. वर जांभळी फीत. दधीची ऋषींनी देह ठेवून आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून वज्र घडले, ही कथा लक्षात घेतली म्हणजे पदकावर खड्ग वा व्याघ्र न कोरता वज्र का कोरले ते उमगते. पहिले परमवीरचक्र मिळाले ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मांना. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर होते. आजवर हा सन्मान २१ जणांना मिळाला, आणि त्यांतील १४ जणांना तो मरणोत्तर.

स्वातंत्र्यापूर्वी या जागी व्हिक्टोरिया क्रॉस होता. १८५६ साली स्थापन झालेले ते पदक हिंदी शिपायांना मिळण्याची मोकळीक १९११ च्या दिल्ली दरबारात झाली. तोवर कंपनी सरकारने १८३७ पासून सुरू केलेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’वर आमच्या शिपायाने समाधान मानावे, अशी व्यवस्था होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणींतील दोघांनी हा क्रॉस मिळविला, आणि त्या दोघांच्या कृत्यांत जो फरक आहे तो पाहण्यासारखा आहे.

पहिले नाईक यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले; वय २२. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या हाताखालची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे क्षणाचाही विलंब न लावता मोर्च्यावर धावून गेले. हातगोळ्याने त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांना निकामी केले, टॉमीगनने आणखी एकास लोळविले, आणि गोळ्या संपून नवी मॅगझिन चढविण्यास अवसर नाही असे पाहताच बंदूक नळीच्या बाजूने धरून उरलेल्या दोघांवर तिच्या दस्त्याचे घाव घातले. मोर्चा हाती आला, आणि त्याच जागी, लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांनी प्राण सोडला.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, कंपनीचे निरोप पोहोचविणारे जवान. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या पूर्व तटावर हल्ला चढविताना त्यांच्याबरोबरची माणसे गोळ्यांना आणि सुरुंगांना बळी पडली. कंपनीचे प्रमुख व आणखी दोघे तेवढे जखमी होऊन मागे पडले होते. जाधवांनी एका जखमीला उचलून, खोल पाण्यातून, तटाचा खडा चढ आणि सुरुंगांचा पट्टा ओलांडून सुरक्षित जागी पोहोचविले, आणि लगेच परत फिरून दुसऱ्यालाही तसेच आणले. मगच ते तिसऱ्यांदा नदीपार गेले. पहिला मोर्चा त्यांनी टॉमीगनने बंद पाडला. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन हातगोळ्यांनी आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. गोळे संपले तेव्हा तटाच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. शेवटी, उखळी तोफांचे गोळे पडत असता, तटावर उघड्यावर उभे राहून त्यांनी शिवछत्रपतींचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलाविले. घाडग्यांच्या कृत्यात विजेचा लखलखाट आहे. जाधवांच्या कृत्यात आधी जखमींची व्यवस्था आणि नंतर शत्रूचा समाचार हा जो क्रम आहे, तो मला विलक्षण वाटतो. जाधव युद्धानंतरही दीर्घकाळ जगले. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

साम्राज्याच्या चाकरीत, साम्राज्याच्या युद्धात लढलेल्या या शिपायांचा अभिमान स्वतंत्र देशाने का बाळगावा, असा प्रश्न विचारला जातो. ज्या काळात घाडगे इटलीत पडले, त्या काळात देशातील नेते तुरुंगात होते, हे सत्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु सत्तेच्या कृत्यांचा झाडा सत्तेकडून घ्यावा. आपली सारी माणसे पडलेली पाहून एकटा पुढे धावलेल्या माणगावच्या मुलाकडून तो मागणे अन्यायाचे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ज्या सैन्याशी तो लढला ते हिटलरचे होते. ज्यांच्या भूमीवर त्याचे रक्त सांडले त्या इटालियन लोकांना याची जाणीव आहे. उम्ब्रिया प्रांतातील मोंतोने येथे २०२३ च्या जुलैत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कोणताही शौर्यसन्मान पराक्रमामागून आपोआप चालत येत नाही. त्यामागे कागदांची एक साखळी असते. ज्याने ते कृत्य डोळ्यांनी पाहिले त्याची साक्ष, तिच्यावरून पलटणीच्या प्रमुखाची शिफारस, ती वरच्या ठाण्यांतून छाननी होत होत सरकारदरबारी जाणे, आणि अखेर गॅझेटात नाव प्रसिद्ध होणे, असा तो प्रवास आहे. पाहणारा कोणी जिवंत उरला नाही, किंवा उरला पण लिहून घेणारा भेटला नाही, तर कृत्य कितीही थोर असो, ते दफ्तरी रुजू होत नाही. नादपूरला उखळी तोफेच्या माऱ्यात जे दोन सॅपर राणे यांच्या शेजारी गतप्राण झाले, त्यांची नावे त्या सन्मानपत्रात नाहीत. केवळ त्यांची संख्या आहे.

राणे १९६८ साली मेजरच्या हुद्द्यावर निवृत्त झाले, पुढे काही वर्षे पुन्हा सेवेत राहिले, आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यास निवर्तले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. सरकारी जहाज कंपनीच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते, आणि २०२३ साली अंदमानातील २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली त्यांत त्यांचेही एक आहे. माणगावच्या मामलेदार कचेरीपाशी घाडगे यांचाही पुतळा उभा आहे. एवढी दखल घेतली गेली ही समाधानाची गोष्ट आहे.

पण सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, नगर या जिल्ह्यांत अशी असंख्य खेडी आहेत, जेथे निवृत्त सुभेदार, हवालदार आणि शिपाई आज वार्धक्यात आहेत; आणि १९६५ वा १९७१ मध्ये आपल्या शेजारच्या माणसाने काय केले हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे. वाचकांना माझी विनंती आहे की, अशा एखाद्या वृद्ध सैनिकाजवळ सवडीने बसावे, तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे, आणि पलटण, ठिकाण, तारीख व सोबत्यांची नावे यांसह ते सारे लिहून काढून त्याची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी. हे काम याच वर्षी हाती घ्यावे.